भिंतीला नॅनो, टाकीला चांदी आणि पुढे खाडी

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींकडे दोन कोटेशनं आली आहेत. पहिलं बाहेरच्या भिंती आणि गच्ची यांना ‘नॅनो वॉटरप्रूफिंग’ करायचं, दुसरं पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून ‘नॅनो सिल्व्हर’ लावायचं. दोन्हींवर हिरव्या पानाचं चित्र आणि ‘सस्टेनेबल नॅनोटेक्नॉलॉजी’ असे शब्द. सभेत दोन तट पडले. काहींना वाटतं, नॅनो म्हणजे काहीतरी फार पुढचं आहे, घेऊन टाकू. काहींना वाटतं, हा भाव चढवायला शोधलेला शब्द आहे. सेक्रेटरींचं म्हणणं, आधी नॅनो म्हणजे काय ते आमच्यासारख्यांना कळेल असं सांगा, आणि मग ते पर्यावरणाला खरंच सोसतं का ते सांगा.

मी केमिस्ट आहे. नवी मुंबईतल्या रबाळे-महापे पट्ट्यात चोवीस वर्षं बारीक कणांचंच काम करतेय; आधी चांदी, मग सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य), आता रंगवाल्यांना आणि कोटिंगवाल्यांना लागणारी डिस्पर्शनं, म्हणजे द्रवात बारीक कण तरंगते ठेवलेली मिश्रणं. दोन्ही तटांना थोडं थोडं नाराज करणार आहे, सेक्रेटरीसाहेब, तेव्हा हे उत्तर सभेत वाचून दाखवणार असाल तर चहा आधी फिरवा.

मापापासून सुरू करू. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. वहीचा कागद साधारण १,००,००० नॅनोमीटर जाड असतो, डोक्याचा केस ८०,००० च्या आसपास. करोनाचा विषाणू १०० च्या घरातला, डीएनएची शिडी २ नॅनोमीटर रुंद. हाताचं नख सेकंदाला जवळजवळ एक नॅनोमीटर वाढतं, म्हणजे हा परिच्छेद वाचेपर्यंत तुमचं नख वीसेक नॅनोमीटर पुढे गेलं. १ ते १०० नॅनोमीटरमध्ये बसणाऱ्या वस्तूला नॅनो म्हणायचा रिवाज आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ तिथेच संपतो. लिटर, फूट, तोळा यांच्या पंगतीतला तो शब्द. कुणी येऊन ‘आमच्याकडे एक नंबर लिटर आहे’ म्हणालं तर आपण विचारू, कसला लिटर बाबा, दुधाचा की रॉकेलचा? नॅनोवाल्यालाही पहिला प्रश्न हाच विचारायचा.

पण नुसतं बारीक केल्याने एवढं काय बदलतं? घरातलंच घ्या. खडीसाखरेचा खडा चहात टाकला तर ढवळत बसावं लागतं, तेवढीच पिठीसाखर बघता बघता विरते. साखर तीच, पाण्याला भिडणारी बाजू वाढली. हेच टोकाला नेऊ. एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या, लुडोच्या फाशापेक्षा किंचित कमीजास्त. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर. तो कापत कापत एक-एक नॅनोमीटरच्या ठोकळ्यांपर्यंत आणला तर तुकडे होतील एकावर एकवीस शून्यं इतके, आणि त्या सगळ्यांच्या बाजू मिळून भरतील ६,००० चौरस मीटर. ठाण्याच्या भाषेत, साडेसहाशे फूट कार्पेटचे शंभर फ्लॅट. एका फाशात. वजन होतं तेवढंच.

आणि रसायनाचा सगळा व्यवहार होतो तो या पृष्ठभागावर. आतल्या अणूला चारी बाजूंनी शेजाऱ्यांनी धरलेलं असतं, लोकलमध्ये मधोमध अडकलेल्या माणसासारखं. त्याला हलायलाही जागा नाही. दारात लटकणाऱ्याचा एक हात मोकळा असतो, तोच बाहेरच्याला टाळी देऊ शकतो. मोठ्या तुकड्यात दारातले अणू नगण्य. कण दोन-तीन नॅनोमीटरवर आला की निम्म्याच्या आसपास अणू दारात येतात. म्हणून एरवी सुस्त असलेली धातू या मापात एकदम बोलकी होते. काही पदार्थांचा तर रंगही मापावर ठरतो. कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरचा कण निळा प्रकाश देतो, तोच ६ नॅनोमीटरचा केला की लाल. या कणांना क्वांटम डॉट म्हणतात, २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांच्यासाठीच होतं, आणि महागड्या टीव्हीच्या पडद्यात ते बसलेले आहेत.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, मी नवी मुंबईतल्या एखाद्या कॉलेजात जाते तेव्हा एकच प्रयोग करते. फ्लास्कमध्ये सोन्याच्या क्षाराचं अगदी पातळ द्रावण असतं, पाणी जास्त पडलेल्या लिंबू सरबताएवढं फिकट पिवळं. ते उकळीला आणायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. सायट्रेट म्हणजे लिंबाच्या आंबटाच्याच घराण्यातलं. आधी पिवळेपणा जातो, पाणी कोरं दिसतं, मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘मॅडम, फसला’. मग निळसर काळी झाक येते, ती जांभळी होते, आणि काही मिनिटांत फ्लास्कमध्ये कोकम सरबतासारखा लालबुंद रंग चढतो. हे सोनं. पिवळं, चकचकीत, तेच. कण वीस नॅनोमीटरच्या आसपासचे झाले की त्यांच्या पृष्ठभागावरचे मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एकजुटीने डोलू लागतात, प्रकाशातला हिरवा भाग गिळतात, आणि आपल्यापर्यंत लाल पोचतो. ही कृती १९५१ पासून जवळजवळ तशीच चालत आलेली आहे.

त्यानंतर मी त्यात चिमूटभर मीठ टाकते. लाल पाणी डोळ्यांदेखत निळं-करडं होतं. कणांवर सायट्रेटचा ऋण भार बसलेला असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ढकलत तरंगत राहतात. मीठ तो भार झाकून टाकतं, मग कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि तासाभराने तळाशी काळपट गाळ बसतो. हे मीठ लक्षात ठेवा, पुढे खाडीपाशी लागणार आहे.

इथे एक जण नेहमी उठून म्हणतो की आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं. सुवर्णभस्मात सोन्याचे नॅनो मापाचे कण सापडतात, काजळातही कार्बनचे सापडतात, हे खरं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन प्याला आहे. बाहेरून हिरवा दिसतो, आत दिवा धरला की लाल. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे असेच कण आहेत. पण कण हातून घडणं वेगळं, आणि हव्या त्या मापाचा, दर वेळी तोच, का झाला ते सांगून घडवणं वेगळं. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये लाल सोनं केलं तेव्हा रंगाचं कारण कणांचा बारीकपणा हे त्याने ओळखलं, पण कण पाहायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. एकेक अणू ‘चाचपणारं’ सूक्ष्मदर्शक १९८१ मध्ये झुरिकला झालं, आणि तिथून या शास्त्राला डोळे आले. पूर्वजांचा हात चांगला होता एवढं मी मानते.

आता तुमची भिंत. भाजीबाजारातून अळूची जुडी आणली की वड्या करण्याआधी एक पान बाजूला ठेवा. त्यावर पाण्याचे थेंब टाका, मोत्यांसारखे गडगडत जातील. अळवावरचं पाणी, म्हणतोच आपण. त्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे नॅनो मापाचे स्फटिक. थेंब त्यांच्या टोकांवर, खाली हवा घेऊन बसतो. त्याला पानाला नीट भिडताच येत नाही. आता पानाच्या एका कोपऱ्याला साबणाचं बोट लावून जरा जोरात चोळा, धुवा, आणि तिथे थेंब टाका. पसरेल. मेण गेलं, गुण गेला. कोटिंगवाल्याच्या माहितीपत्रकात पहिला अर्धा प्रयोग असतो.

भिंतीसाठी जे विकतात ते बहुतेक वेळा सिलेन किंवा सिलॉक्सेन जातीचं रसायन असतं. रेणूचं एक टोक काँक्रीटमधल्या सिलिकाला रासायनिक बंधाने धरतं, दुसऱ्या टोकाला तेलकट शेपूट असते, ती पाणी झटकते. हे रसायन काँक्रीटच्या छिद्रांत काही मिलिमीटर आत शिरतं, छिद्रं बुजवत नाही, त्यामुळे भिंतीतली वाफ बाहेर पडू शकते. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः वापरलेली आहे. फक्त यातला ‘नॅनो’ म्हणजे सिलेनचा रेणू एक नॅनोमीटरच्या आसपास असतो एवढंच. तसा साखरेचा रेणूही तेवढाच असतो, म्हणजे चहा रोज नॅनोच पितो आपण.

काम कुठे करतं आणि कुठे नाही, हे महत्त्वाचं. उघडं काँक्रीट, न रंगवलेलं प्लास्टर, विटा, दगड, आणि तेही कोरडं असताना: तिथे उत्तम. चकचकीत रंग दिलेल्या भिंतीत ते शिरणारच नाही. भेग सांधणं त्याला जमत नाही. केसाएवढी भेग म्हणजे ८०,००० नॅनोमीटरची दरी, तिच्या दोन्ही काठांवर शेपट्या लावून पाणी थोडंच थांबणार आहे. आणि गच्चीवर पाणी साचत असेल तर मुळीच नाही, कारण हे रसायन पाणी झटकतं, साचलेल्या पाण्याचा दाब पेलत नाही. गच्चीला उतार, कोबा आणि सांध्यांची दुरुस्ती हेच औषध. तुमच्या कोटेशनमध्ये गच्ची आणि भिंत एकाच दराने, एकाच मालाने धरली आहे, यावरूनच मला कळलं की देणाऱ्याने इमारत वर चढून पाहिलेली नाही.

पर्यावरणाच्या बाजूने इथे एकच गोष्ट खोदून विचारायची. त्यांचा माल पाण्याबरोबर तेलही झटकतो, असा दावा आहे का? असेल तर त्यात बहुधा फ्लोरिनयुक्त रसायनं आहेत. त्यांतला कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका चिवट असतो की ती ना उन्हात मोडतात ना जिवाणूंना पचतात, वर्षानुवर्षं पाण्यात फिरत राहतात. भिंतीला कुणी भजी तळत नाही, तेल झटकायची गरजच नाही. साधं सिलेन घ्या. ते बसताना थोडं अल्कोहोल सोडतं, ते उडून जातं, आणि उरतो तो सिलिकाचाच भाऊबंद.

टाकीची गोष्ट मात्र मला लांबण लावून सांगावी लागेल, कारण माझं आयुष्य चांदीत गेलंय.

चांदी जंतू मारते ती स्वतः विरघळून. कणाच्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटतात, ते जंतूंच्या प्रथिनांना चिकटून त्यांचा कारभार बंद पाडतात. कण जितका बारीक तितके आयन लवकर सुटतात. शंभर फ्लॅटचा हिशेब आठवा. आता कोटेशन पाहा: ‘जंतू मारतं’ आणि ‘दहा वर्षं टिकतं, झिजत नाही’. यातलं एक काहीतरी खोटं असणार. झिजलं नाही तर आयन सुटणार नाहीत, आणि सुटले तर ते तुमच्या पाण्यात येणार. पिण्याच्या पाण्यात चांदी लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असं आपलं भारतीय मानक सांगतं, तेव्हा लगेच घाबरायचं कारण नाही. पण मुळात उपयोग किती? फिल्टरच्या कँडलमध्ये चांदी चालते, कारण पाण्याचा थेंब न् थेंब बारीक छिद्रांतून, चांदीला घासत जातो. दहा हजार लिटरच्या टाकीतलं बहुतेक पाणी भिंतीच्या जवळही फिरकत नाही. शिवाय काही महिन्यांत भिंतीवर गाळाचा थर बसतो, आणि तुमची चांदी त्या गोधडीखाली झोपून राहते.

मी नवीन होते तेव्हाचा एक प्रसंग सांगते. एका युनिटमध्ये आम्ही नॅनो सिल्व्हरची डिस्पर्शनं करायचो, कापडवाल्यांना द्यायला. एक बॅच बिघडली, कण मोठे झाले, रंग पिवळसर तपकिरी यायचा तो करडा आला. दोनशे लिटरचा ड्रम. रात्रपाळीत विचारलं गेलं, काय करायचं, आणि मी फोनवर म्हटलं, पातळच आहे, ड्रेनला सोडा. ते ड्रेन कंपनीच्याच ईटीपीला जात होतं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटला. तिथे हवेच्या टाकीत जिवाणूंचा तपकिरी गाळ असतो, तोच घाण खातो.

दोन दिवसांनी ईटीपीचे ऑपरेटर काका एक लिटरचा काचेचा सिलिंडर घेऊन लॅबच्या दारात आले. ही त्यांची रोजची परीक्षा: टाकीतलं पाणी सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास ठेवायचं. तब्येत चांगली असली की गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी. त्या दिवशी पाणी ढवळलेल्या ताकासारखं, गाळाचे धागे वर तरंगत होते, आणि अमोनियाचा वास नाकात जात होता. काका एवढंच म्हणाले, ‘मॅडम, ह्यांना कुणीतरी काहीतरी पाजलंय.’ मला उत्तर ठाऊक होतं. जंतू मारायला केलेला माल होता, त्याने जंतू मारले. त्याला आपला-परका कळत नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू तर सगळ्यांत नाजूक, ते आधी गेले.

तबेल्यातून शेण आणलं, शेजारच्या कंपनीकडून जिवंत गाळ मागून आणला, तीन आठवडे त्या टाकीची बाळंतपणासारखी सेवा केली, तेव्हा पुन्हा सिलिंडरमध्ये गाळ बसायला लागला. त्यानंतर आम्ही धुवणाचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये साठवायला लागलो. त्यात मीठ टाकायचं, फ्लास्कमध्ये टाकते तसंच. कण गोळा होऊन बसतात, वरचं पाणी तपासून सोडायचं, आणि खालचा चांदीचा गाळ अधिकृत रिसायकलरकडे. त्याचे पैसे यायला लागले तेव्हा मालक खूष, आणि मी मनातल्या मनात हिशेब करत होते की याआधी किती चांदी गटारात गेली असेल.

बाहेरच्या गटारात गेल्यावर तिचं काय होतं, यावर जगभर बरंच काम झालंय. धुतल्यावर मोज्यांतून आणि कपड्यांतून नॅनो सिल्व्हर निघून जातं, हे २००८ मध्येच दाखवलं गेलं. काही मोजे चार-दोन धुण्यांतच रिते झाले. सांडपाण्यात गंधक असतं, त्याच्याशी चांदीची गाठ पडली की सिल्व्हर सल्फाइड होतं. ते फारसं विरघळत नाही, त्यामुळे विषारीपणा बराच उतरतो. म्हणजे चांदीची भांडी काळी पडतात, तेच. बहुतेक भाग प्लँटच्या गाळात अडकतो. पण जे पाणी प्लँटपर्यंत पोचतच नाही, नाल्यानेच पुढे जातं, त्याचं काय?

तुमच्या मागे उल्हासची, वसईकडे जाणारी खाडी आहे. आमच्या रबाळ्यासमोर ठाण्याची. दोन्ही खारट. नाल्याच्या गोड्या पाण्यात तरंगणारा कण भरतीच्या पाण्याला भेटला की फ्लास्कमध्ये झालं तेच होतं: भार झाकला जातो, गुठळी होते, ती खाली बसते. खाली म्हणजे चिखलात. त्या चिखलात निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळं करतात, आणि हिवाळ्यात येणारे फ्लेमिंगो चोच उलटी घालून तोच चिखल गाळून खातात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली. पाण्याचा नमुना घेऊन ‘काही सापडलं नाही’ म्हणणारे अहवाल मी बघते तेव्हा विचारते, चिखल तपासलात का?

म्हणून ‘सस्टेनेबल’ या शब्दाकडे मी दोन बाजूंनी बघते: कण कुठून आला, आणि काम झाल्यावर कुठे गेला. मधलं सगळं जाहिरातदार सांगतोच.

कुठून आला, यात एक मोठी गंमत चालते. दरवर्षी माझ्याकडे प्रोजेक्टवाली मुलं येतात, ‘ग्रीन सिंथेसिस’ घेऊन. तुळशीचा नाही तर कडुनिंबाचा काढा करायचा, सिल्व्हर नायट्रेटमध्ये ओतायचा, पाणी तपकिरी झालं की चांदीचे हरित कण तयार. शिकायला छान आहे, काढ्यातली द्रव्यं खरोखरच क्षपण करतात, म्हणजे क्षारातून चांदी सुटी करतात. पण सिल्व्हर नायट्रेट तेच, खाणीतून आलेलं. श्रावणातली तुळस आणि मे महिन्यातली तुळस वेगळी, त्यामुळे कण दर वेळी वेगळा. आणि तयार झालेली चांदी जिवाणूंना तितकीच कडू. सायट्रेटही काही राक्षस नव्हतं. हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं १९९८ मध्ये मांडली गेली, त्यातलं पहिलंच आहे की कचरा निस्तरण्यापेक्षा तो होऊच देऊ नये. त्या कसोटीवर काढ्यापेक्षा आमचा मिठाचा ड्रम जास्त हिरवा, असं मी मुलांना सांगते. त्यांना आवडत नाही.

मला आवडणारी उदाहरणं वेगळी आहेत. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक टी. प्रदीप यांच्या गटाने पाण्यातलं आर्सेनिक हे विष गाळायला ‘अमृत’ नावाचा पदार्थ केला. आर्सेनिक पकडतं ते लोहाचं नॅनो मापाचं ऑक्साइड, म्हणजे गंजाचं भावंड, आणि ते धरून ठेवायला कायटोसनचा पिंजरा. कायटोसन मिळतं कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांतून. पाण्यात, साध्या तापमानाला तयार होतं. कण पिंजऱ्यात घट्ट, त्यामुळे तो ग्लासात येत नाही. कच्चा माल स्वस्त आणि निरुपद्रवी, कण बांधलेला, काम नेमकं. पश्चिम बंगालसारख्या आर्सेनिकच्या भागांत ते वापरात आहे. २००९ मध्ये आलेल्या टाटा स्वच्छ फिल्टरमध्ये भाताच्या तुसाची राख होती, तिच्यावर चांदी बसवलेली. तूस तसंही जाळलं जातं, त्याची राख म्हणजे बहुतांश सिलिका.

दुसरं उदाहरण २०२१ च्या उन्हाळ्यातलं. दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले आणि लोक ‘लायपोसोमल’ अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी दुकानं पालथी घालत होते, आठवतं? साधं अँफोटेरिसिन मिळत असलं तरी ते मूत्रपिंडाला फार जाचक. तेच औषध चरबीच्या नॅनो मापाच्या पुटकुळीत बसवलं की मूत्रपिंडाचा त्रास खूप कमी होतो. आणि काम झालं की पुटकुळीची चरबी शरीर पचवून टाकतं. मागे काही उरत नाही. मापाचा फायदा घेऊन नाहीसा होणारा कण, यापेक्षा आणखी काय हवं?

उलटं उदाहरणही द्यायला हवं. २०२१ मध्ये नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली आली, ४५ किलोच्या गोणीला पर्याय म्हणून. सुरुवातीच्या त्या बाटलीत नायट्रोजन ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलोच्या वर. पानावर फवारल्याने खत वाया कमी जातं हे मान्य, मातीत घातलेल्या युरियाचा मोठा भाग उडून-वाहून जातो हेही मान्य, पण हजारपट? पिकाला प्रथिनं करायला नायट्रोजनचे अणू लागतात, आणि बारीक केल्याने अणूंची संख्या वाढत नाही. पृष्ठभाग वाढतो, माल वाढत नाही, हा हिशेब एवढ्यासाठीच आधी सांगितला.

कामगारांबद्दल कोटेशनमध्ये एक ओळ नाही. कण द्रवात असताना तुलनेने सुरक्षित असतो, पावडर उडाली किंवा फवारा मारला की तो छातीत जातो. लांब, ताठ कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, उंदरांच्या पोटात ॲस्बेस्टॉससारखा दाह करतात, हे २००८ मध्ये दिसलं. तुमच्या कामात त्या नाहीत, पण सगळे कण सारखे नसतात हे कळावं म्हणून सांगितलं. सिलेन ब्रशने किंवा रोलरने लावून घ्या. फवाराच मारायचा असेल तर दोराला लटकणाऱ्या पोरांना तोंडावर रुमाल चालणार नाही, बाष्पाचा मास्क द्यायला लावा आणि तो कोटेशनच्या किमतीत धरायला सांगा.

आता निर्णय. टाकीचं कोटेशन सरळ परत करा. वर्षातून दोनदा टाकी धुवा, झाकण नीट बसवा, क्लोरीन पाहा, तेवढ्याच पैशांत चार वर्षं निघतील. गच्ची वेगळी काढा आणि उतार बघणाऱ्या माणसाला दाखवा. भिंतीसाठी त्यांच्याकडून मालाची सुरक्षा-पत्रिका मागा. सिलेन की सिलॉक्सेन, फ्लोरिन आहे का, किती टक्के सक्रिय द्रव्य, हे तिथे कळतं. ‘पेटंटेड नॅनो फॉर्म्युला आहे, सांगता येत नाही’ असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

पत्रिका ठीक असली तरी लगेच पूर्ण इमारत देऊ नका. मे महिन्यात, पाऊस झोडपतो त्या पश्चिमेच्या बाजूला, न रंगवलेल्या पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन लावून घ्या, शेजारी तेवढाच कोरा ठेवा, खडूने नव्हे तर रंगाने खुणा करा. पावसाळा जाऊ द्या. ऑक्टोबरात दोन्हींवर तांब्याभर पाणी ओता आणि कुठे डाग काळा पडतो ते सगळ्यांना दाखवा. तेव्हा सभा ठेवणार असाल तर मला बोलवा, सोन्याची बाटली मी घेऊन येईन. मीठ तेवढं तुमच्याकडचं.